मालवण : आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

पहिल्यांदा मालवणला गेलो तेव्हा मुद्दाम पौर्णिमा गाठली होती. चांदण्यात किनाऱ्यावर तंबू, सकाळी स्कूबा, मग देवबागच्या वाळूच्या बेटावर दंगा, असा बेत. स्कूबात पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात लांब केला तर बोटं धूसर दिसत होती. अकराच्या सुमारास होडीवाल्याने आम्हाला खाडीच्या मुखाशी नेलं, इंजिन मंद केलं आणि सगळीकडे नुसतं हिरवं पाणी असताना बोट दाखवून म्हणाला, "ह्या बघा बेट." बेट तिथेच होतं, फक्त पाण्याखाली. तंबूचं काय झालं ते पुढे येईल.

चूक होडीवाल्याची नव्हती. पौर्णिमेला अकरा-साडेअकराला भरती असणार, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. त्यानंतर चार-पाच वेळा गेलो आणि दर वेळी आधी दिनदर्शिका उघडली. मालवण, तारकर्ली, देवबाग आणि सिंधुदुर्ग किल्ला हे सगळं दोन रात्रींत नीट पाहायचं असेल तर हॉटेल, होडी, पॅकेज या गोष्टी नंतर येतात. पहिला प्रश्न असा: त्या दिवशी पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं?

तिथीचं गणित

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि रोज हे चक्र पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतं. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मालवणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर एकदा पडताळून घ्या. पण महिनाभर आधी बेत आखायला पाऊणपटीचा हिशोब पुरतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात असते, चढ-उतार कमी होतो. तो भांग. भांगाच्या दिवसांत पाण्याची ये-जा कमी असल्याने तळाची माती कमी ढवळते आणि पाण्याखाली त्यातल्या त्यात स्वच्छ दिसतं. स्कूबा करणाऱ्याला हेच हवं असतं.

आता जुळवणी करा. सप्तमीला भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमारास. सकाळी आठला शांत, निवळ पाण्यात स्कूबा आणि अकराला उघडं पडलेलं वाळूचं बेट, दोन्ही एकाच दिवशी. म्हणून माझी पसंती षष्ठी ते अष्टमी, आणि त्यातही कृष्ण पक्षातली. वद्य सप्तमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे जेवण झाल्यावर तंबूबाहेर पाठ टेकली की आकाश काळंभोर मिळतं. हिवाळ्यात कधी कधी लाटांच्या कडा निळसर चमकतात, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. तेही अंधाऱ्या रात्रीच दिसतं. चांदण्याचा हट्ट सोडा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

महिना कोणता

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात उकाडा असतो आणि पाऊस संपून फार दिवस झालेले नसतात, त्यामुळे खाडीचं पाणी अजून मातकट असतं. मार्चनंतर दुपारी तंबूत बसवत नाही. मेच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. पावसाळ्यात मालवण सुंदर दिसतं यात वाद नाही, पण या बेतासाठी नाही. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा मी टाळतो. त्या आठवड्यात होडीसाठी रांग, जेवणासाठी रांग आणि वाळूवर शेजारच्या तंबूचा स्पीकर असतो.

जायचं कसं

कोकण रेल्वेने कुडाळला उतरणं सोयीचं. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा मिळते. गाडीने येणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गावर कसालला वळायचं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे, तो मालवणला जवळचा. पण उड्डाणं मोजकी असतात, वेळापत्रक पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. गोव्याचं मोपाही पर्याय आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि या मार्गावर ते भराभर संपतं. म्हणून तिथी ठरवायचं काम त्याहून आधी करा.

तंबू : कुठे आणि कसा

सिंधुदुर्ग किल्ल्यावर तंबू टाकता येत नाही. ते संरक्षित स्मारक आहे, संध्याकाळच्या आत परतायचं. तंबू टाकायचा तो तारकर्ली-देवबागच्या पट्टीवर. देवबाग ही एक चिंचोळी जीभ आहे: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड, घरं आणि एकच रस्ता. इथले बरेच घरमालक आपल्या वाडीत तंबूसाठी जागा देतात किंवा स्वतःचे तंबू लावून देतात. माझं मत विचाराल तर मोकळ्या पुळणीवर परस्पर तंबू ठोकण्यापेक्षा अशा वाडीच्या समुद्राकडच्या कडेला जागा मागा. शौचालय, विहिरीचं पाणी आणि रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस, तिन्ही मिळतं. जागा कोणाची आहे हे न विचारता तंबू लावला की सकाळी वाद ठरलेला.

जागा निवडताना आधी वर बघा. माडाखाली तंबू कधीच नाही. फोटोत छान दिसतं, पण पडणारा नारळ डोकं फोडतो आणि झावळीही हलकी नसते. सुरूच्या झाडाखाली चालेल. मग खाली बघा. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, काटक्यांची आणि शिंपल्यांची एक ओळ दिसते, ती कालच्या भरतीची रेघ. तिच्या बरंच वर, वाळू कोरडी आणि भुसभुशीत असेल तिथे जा. माझ्या पौर्णिमेच्या तंबूला ही रेघ पावली नव्हती. संध्याकाळी पाणी लांब होतं म्हणून आम्ही ओल्या, घट्ट वाळूवर तंबू लावला, कारण तिथे खुंट्या छान बसल्या. रात्री साडेदहाला पायाशी गारवा आला. तासाभरात आम्ही दोन पिशव्या, चपला आणि एक भिजलेली उशी घेऊन सुरूच्या झाडाखाली उभे होतो.

कोरड्या वाळूत खुंटी टिकत नाही, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय सोपा. चार-सहा कापडी पिशव्या न्या. प्रत्येकीत वाळू भरून तोंड बांधा, तंबूची दोरी तिला घट्ट बांधा आणि पिशवी कोपरभर खोल पुरून वर वाळू दाबा. खुंटीपेक्षा ही पिशवी कितीतरी जास्त ओढ सोसते.

वाऱ्याची दिशाही ठरलेली आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. शाळेत भूगोलात घोकलेलं इथे कामाला येतं. संध्याकाळचा वारा वाळू घेऊन येतो, म्हणून तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे आणि दार जमिनीकडे ठेवा. रात्री त्याच दारातून गार झुळूक येते. समुद्राकडे दार उघडून सूर्यास्त बघायची हौस असेल तर बाहेर चटई टाका. हिवाळ्यात दव भरपूर पडतं, त्यामुळे तंबूवरचं दुसरं आवरण काढू नका. कपडे बाहेर वाळत ठेवले तर सकाळी ओलेच मिळतील.

या किनारपट्टीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवं रात्री अंडी घालायला वर येतात. मादी अंधार शोधत येते, आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे धावतात. त्यांच्या हिशोबात उजेड म्हणजे समुद्र. म्हणून किनाऱ्याच्या बाजूला झगझगीत दिवे नकोत, शेकोटी तर नकोच. लाल उजेडाची विजेरी पुरते. कासव दिसलंच तर लांब, मागच्या बाजूला, न बोलता थांबा.

रात्री चपला आणि खाण्याचं सामान आत घ्या. कुत्रे एक कारण, कुर्ल्या दुसरं.

स्कूबा : पाण्याखालची पंधरा मिनिटं

मालवणच्या समुद्रात इतके खडक का, हे कळलं की स्कूबाला आणि किल्ल्याला एकच धागा सापडतो. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली आणि पाण्यालगत खडकांची दाटी आहे. वाट माहीत नसलेलं गलबत इथे फुटणार. महाराजांनी किल्ल्यासाठी ही जागा निवडली त्यामागे हे एक मोठं कारण. आणि त्याच खडकांच्या आडोशाने आज मासे आणि प्रवाळ टिकून आहेत. १९८७ मध्ये इथला २९.१२ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेव्हा पाण्याखालून शंख, प्रवाळ, काहीही उचलायचं नाही. प्रवाळावर पायही ठेवायचा नाही. तो दगड वाटतो, पण जिवंत असतो.

पोहता येत नसलं तरी पहिली स्कूबा करता येते, कारण प्रशिक्षक पूर्ण वेळ मागून धरून असतो. तरी पाण्यात उतरायच्या आधी चार गोष्टी तपासा. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण यातलं काही असेल तर उतरू नका, किंवा आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी नाही. नाक चोंदलं असेल तर कानातला दाब सोडता येत नाही. आदल्या रात्री दारू नको. आणि प्रशिक्षकाला थेट विचारा: तुमचं प्रमाणपत्र कुठलं, एका प्रशिक्षकामागे किती माणसं, होडीवर प्राणवायूची सोय आहे का? तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. या प्रश्नांची उत्तरं टाळणाऱ्याकडे जाऊ नका, कितीही स्वस्त असो.

पाण्यात दोनच नियम खरे महत्त्वाचे. एक, श्वास रोखायचा नाही. तोंडाने सावकाश घ्या, सावकाश सोडा. दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि छातीत कोंडून ठेवली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. दोन, कान दुखायची वाट बघू नका. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्यातला मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच जाणवतो. प्रत्येक हातभर खाली गेलं की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारा, कानात टक्‌ असं वाजलं की पुढे. नाही वाजलं तर थोडं वर या. अंगठा वर करणं म्हणजे "मस्त" नव्हे, "मला वर न्या". "ठीक" म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. माझ्या मेव्हण्याने आनंदाने अंगठा दाखवला आणि तीन मिनिटांत त्याची स्कूबा संपली.

सकाळची पहिली तुकडी मागा. दहा-अकरानंतर खारा वारा उठतो, होडी डोलते आणि डोलणाऱ्या होडीत पोटातलं वर येतं. नाश्ता हलका, घावणे दोन, पाच नाहीत. आणि अपेक्षा बेताची ठेवा. हे अंदमानसारखं काचेचं पाणी नाही. एका वर्षी आम्ही सगळे तयार होऊन किनाऱ्यावर पोचलो, तर घरमालक काकांनी पाण्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "आज पाणी गढूळ आसा. फाल्या सकाळी येवा." ऐकलं, दुसऱ्या दिवशी गेलो, पोपटमाशांचा थवा बघितला.

वाळूचं बेट आणि जलक्रीडा

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या मुखात जो वाळूचा उंचवटा आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथे सांगतात. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला गुडघाभर किंवा त्याहून जास्त पाण्यात जातो. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी चढायला लागलं की निघा. बनाना राइड, बंपर, जेट स्की इथेच चालतात. पॅरासेलिंगही या भागात होतं. यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मजा येते, पाच मिनिटांत संपते, अंगावर बांधलेलं जॅकेट तुमच्या मापाचं आणि सगळे पट्टे शाबूत असलेलं हवं. पट्टा तुटलेलं जॅकेट "काय होत नाही हो" म्हणत कोणी चढवू लागलं तर उतरा. चष्मा आणि मोबाइल वाडीवर ठेवून जा.

पोहणं मात्र गंभीर विषय आहे. नदी आणि समुद्राच्या संगमावर, विशेषतः ओहोटी लागलेली असताना, पोहायला उतरू नका. खाडीभर साठलेलं पाणी तेवढ्याशा तोंडातून बाहेर धावत असतं, ते पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतं. मोकळ्या किनाऱ्यावर कधी ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा, मग वळा. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला. वाळूत दडलेला पाकट मासा चाहूल लागून निघून जातो. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि मग डॉक्टर गाठा.

किल्ला : दुसऱ्या दिवशी, पहिल्या होडीने

किल्ला तिसऱ्या प्रहरी घाईघाईत उरकायची गोष्ट नाही. सकाळी मालवणच्या जेटीवरून पहिली होडी पकडा. होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात. ती कमी पडते, म्हणून चढण्याआधीच बोलून दोन तास मागून घ्या. पाणी, टोपी आणि टाचेला पकड असलेली चप्पल हवी.

होडीतून बघताना दार कुठे आहे ते शोधा. सापडणार नाही. दोन बुरुजांच्या आड ते असं लपवलं आहे की अगदी जवळ गेल्यावरच दिसतं. वाटेत किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी तिथे पूजा करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावरच्या या किल्ल्याच्या कामाला हात घातला आणि तीन वर्षांत, १६६७ मध्ये, तो उभा राहिला. जंजिऱ्याला सिद्दी, गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार, समुद्रावर इंग्रज. या सगळ्यांच्या मधोमध स्वतःचं ठाणं हवं होतं. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती असं मानतात. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतल्याचं सांगितलं जातं, आणि साडेतीनशे पावसाळे खाल्लेला तट बघितला की ते पटतं.

आत गेल्यावर लगेच गर्दीबरोबर पुढे धावू नका. दाराजवळच, तटावरच्या छोट्या घुमट्यांमध्ये चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते महाराजांचे मानले जातात. तिथून शिवराजेश्वर मंदिर. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे महाराजांचं मंदिर, आणि इथली मूर्ती नेहमीच्या चित्रांतल्यासारखी नाही. डोक्यावरची टोपी नीट बघा. मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं, याचं नवल वाटतं, पण त्यामागे साधं शास्त्र आहे. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर तरंगत राहतं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणांतून आपल्या घरासारखं फिरू नका.

शेवटचा अर्धा तास तटासाठी. सुमारे ४८ एकरांच्या बेटाला तीनेक किलोमीटरचा नागमोडी तट आहे, तीसेक फूट उंच, बारा फूट रुंद. पूर्ण फेरी जमली नाही तरी समुद्राकडची बाजू चाला. तटातल्या एका लहान दारातून खाली इवलीशी पुळण दिसते, राणीची वेळा. ओहोटीला ती नीट उघडी असते. सकाळी किल्ला आणि तिथली वाळू दोन्ही हवी असेल तर षष्ठी-सप्तमी इथेही कामाला येते.

१७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांकडे परत आला, आणि १८१२ च्या तहाने कायमचा गेला. ते इंग्रजी नाव आज कुणाला आठवत नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. नंतर मालवणात उतरून जेवा. कुठे, ते मी सांगत नाही, घरगुती खानावळ बघा आणि ताजं काय आलंय ते आधी विचारा. बांगडा ताजा असेल तर सुरमईचा हट्ट कशाला? सोलकढी मात्र दोनदा.

निघताना

स्कूबा केली असेल तर विमानात बसण्यापूर्वी निदान बारा तास जाऊ द्या, दोनदा उतरला असाल तर अठरा. स्कूबा पहिल्या दिवशी आणि किल्ला दुसऱ्या दिवशी ठेवला की हे आपोआप साधतं.

घरी आल्यावर तंबू गुंडाळून माळ्यावर टाकू नका. खाऱ्या हवेने चेन धरते आणि पुढच्या वेळी ती मधेच अडकते. गोड्या पाण्याने चेन आणि जोड धुवा, सावलीत दोन दिवस वाळवा. वाळू तरीही निघत राहील, आमच्या तंबूतून अजून निघते.